खिंडीतला वायरलेस

"मग काय बुवा, दगाबाजाचं ऐकायचं होतं?"

शार्दूलने निरंजनबुवांना विचारलं. मठाखालच्या ओढ्यावर आम्ही शिष्य रांगा करून बांध घालत होतो, तिकडे ते बघत राहिले.

पूर्वी बुवा कॉलेजात वायरलेस शिकवायचे. शार्दूल त्यांचा तेव्हाचा लाडका विद्यार्थी. आपण हुशार आहोत, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

डोंगरात हरवलेल्यांना शोधणाऱ्या पथकासाठी त्याने वायरलेस संच बनवले होते. तिथे टॉवर नाही. एकाचा निरोप दुसऱ्याचा संच पुढे ढकलतो, त्याचा तिसरा. कमीत कमी बॅटरी जाळणारी वाट संच आपणच शोधतात. आणि जो संच आलेला निरोप पुढे न देता गिळतो, त्याला दगाबाज ठरवून बाकीचे तोडून टाकतात.

परवा धुक्यात पथकातल्या तुळाजीचा संच निरोप गिळू लागला.

"नियमाप्रमाणे तोडला," शार्दूल म्हणाला. "हरवलेली माणसं सापडली. जाळं सुरक्षित राहिलं."

"तुळाजी कुठे उभा होता?" बुवांनी विचारलं.

"खिंडीत. सगळ्यांच्या मधोमध."

"म्हणजे सगळ्यांचे निरोप..."

"त्याच्यातूनच जात होते. तीच वाट स्वस्त पडत होती."

"आणि त्याची बॅटरी?"

"संपत आली होती. बॅटरी संपत आली की संच निरोप टाकून देतो. पण ते बाकीच्या संचांना कसं कळणार?"

"मग तो दरीत पडला म्हणालास. संचावरून हाका मारल्या त्याने?"

"मारल्या. पण तोडलेल्याचा निरोप कुणी घेत नाही, बुवा. घेतला तर सुरक्षा कसली?"

तुळाजी दुसऱ्या दिवशी सापडला. त्याचा पाय कापावा लागला. हेही शार्दूलनेच सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. रांगेत उभ्या असलेल्या आमची तळपायाची आग मस्तकात गेली.

"उद्या हेच संच बाकीच्या पथकांना द्यायचेत. तुमचा आशीर्वाद हवा होता."

...

बुवा उठले. शार्दूलचा दंड धरून त्यांनी त्याला खाली आणला. दोन रांगा होत्या, एक मातीची, एक दगडांची. त्याला दोन्हींच्या मधोमध उभा केला.

"माती ह्याच्याच हातातून जाऊ दे. दगडही."

घमेली आली. येतच राहिली. आम्ही ती मुद्दाम शिगोशीग भरून दिली. शार्दूल ती एकामागून एक पुढे देत राहिला. मग त्याची बोटं सुटली आणि एक घमेलं सांडलं. पाठोपाठ दुसरं.

"चोर आहे हा," बुवा कडाडले. "ह्याच्या हातात काही देऊ नका. ह्याचं काही ऐकूही नका."

आम्ही त्याला वगळून रांगा जुळवल्या.

"हात भरून आले होते माझे, बुवा."

कुणी वळून पाहिलं नाही.

"चोर काय म्हणता? मगाचपासून सगळं माझ्याच हातातून..."

घमेली पुढे जात राहिली.

"निदान एकदा विचारा तरी मला, का पडलं ते."

बुवा आमच्याकडे वळले.

"कुणाला काही ऐकू आलं?"