कुंतलेचा सा

एका राज्यात राजापेक्षा गायनशाळेच्या बुवांचा दरारा मोठा होता. विरूपाक्षबुवा त्यांचं नाव. त्यांचा तंबोरा खुद्द त्यांच्या गुरूंनी लावून दिलेला. चाळीस वर्षांत तारा बदलल्या, पट्टी नाही बदलली! शंभर पोरं त्याच एका पट्टीत गात.

राजकन्या कुंतलाही तिथेच शिके. गाण्यावर भारी जीव पोरीचा, पण बुवांचा उंच सा काही तिला लागेना. उत्सव तोंडावर आला, तेव्हा बुवा म्हणाले, "कुंतले, तू नुसते ओठ हलव."

तिने मान खाली घालून ओठ हलवले. काय वाटलं असेल हो त्या लेकराला!

खिडकीतला भारद्वाज पक्षी बोलला, "जिथे एक गळा मिटला, तिथे सगळे मिटोत!" झालं! शंभर पोरांची वाचा त्याच क्षणी गेली.

राजा कळवळला. "बुवा, लेक मला हाक मारीत नाही."

बुवांनी पक्ष्यापुढे हात जोडले. "उःशाप द्यावा."

"नागाच्या बनातलं ज्येष्ठमध, बोलक्या विहिरीचं पाणी आणि कुंतलेचा सा. पाडव्याच्या आत तिन्ही आण, नाहीतर आवाज कायमचे गेले."

नागापुढे बुवा गायले, त्याने वाट दिली. विहिरीने गुरूंचं नाव विचारलं. बुवांनी कानाची पाळी धरून ते सांगितलं, पाणी वर आलं. पण तिसरी वस्तू? सात डोंगर पालथे घातले, मिळेना. पाडव्याच्या आदल्या दिवशी बुवा दोनच वस्तू घेऊन परतले.

भारद्वाज म्हणाला, "अरे शहाण्या, जिची वस्तू तिला विचारलंस का?"

बुवांनी तिला ज्येष्ठमध दिलं, पाणी पाजलं. मग तंबोरा घेऊन समोर बसले. "बाळ, तुझा सा कुठला?"

कुंतलेने त्यांचा हात धरून खुंटीवर ठेवला आणि उलटा फिरवला. गुरूंची पट्टी! बुवांचे डोळे भरले, पण हात त्यांनी मागे घेतला नाही. तार उतरत गेली. एका जागी पोरीने हात थांबवला आणि तोंड उघडलं.

सा! खालचा, ढाला, भरदार, स्वच्छ. पाठोपाठ शंभर पोरांनी एकच गलका केला. राजाला लेकीची हाक ऐकू आली, तो हसत रडत सुटला.

कुंतला म्हणाली, "बुवा, तुम्हीही म्हणा ना."

एवढ्या खाली बुवांचा गळा कधी उतरलाच नव्हता. सूर घोगरा निघाला, ते ओशाळून गप्प झाले.

"चुकू दे, बुवा," ती म्हणाली, "पण मोठ्याने म्हणा."

आणि बुवा गायले. त्या पोरांचे गळे जसे मोकळे झाले, तसे घरोघरच्या लेकरांचे होवोत.