सुरकड्याची सनई

हा समोरचा काळा कडा दिसतो ना, त्याला आम्ही सुरकडा म्हणतो. रोज दिवस उगवताना आमच्या गुरवाच्या घरातलं कुणीतरी वाघजाई देवीच्या देवळाच्या पायरीवर उभं राहतं आणि कड्याकडे तोंड करून सनई वाजवतं. हे कधी सुरू झालं ते कुणाला ठाऊक नाही. कसं सुरू झालं ते मात्र सगळे सांगतात.

फार पूर्वी इथे रवळू गुरव होता. त्याच्यासारखी सनई पंचक्रोशीत नव्हती म्हणे. जत्रेला दरसाल तो नवी धून बांधायचा आणि ती ऐकल्याशिवाय देवीची पालखी उठायची नाही. पण नाव झालं तशी त्याला रोजची सेवा जड वाटू लागली. “मन लागेल तेव्हाच वाजवीन,” असं म्हणू लागला. मनाची वाट बघता बघता वर्ष सरलं. जत्रा महिन्यावर आली आणि त्याला जुन्या धुनाही धड वाजवता येईनात, नवी कुठली सुचायला! देवळामागे बसून तो रडला.

तिथे गोदू म्हातारी देवीसाठी फुलं तोडत होती. ती म्हणाली, “रवळू, चाळीस वर्षं मी हार करते. रोज मन लागतं थोडंच? हात कामाला लागला की मन मागून येतं. उद्या उजाडताच ये. मी फुलं ओवीन, तू एक सूर धर.”

पहिल्या दिवशी सूर फाटला. कड्याने तो तसाच फाटका परत दिला. पाणवठ्यावरच्या बायका खो खो हसल्या. तरी रवळू दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. अंघोळ, दिवा, मग सूर. हा क्रम त्याने मोडला नाही. हळूहळू सूर स्थिरावू लागला, पण नवी धून काही सुचेना.

जत्रेची सकाळ उजाडली. त्याने तोच साधा सूर लावला. असं सांगतात, की कड्याने तो परत देताना पुढे आपले दोन सूर जोडले! रवळू दचकला, मग मोठ्याने हसला. “आई, बोललीस गं!” म्हणत त्याने ते दोन उचलले, पुढे चार लावले. धून अशी उसळली, की भोई पालखी नाचवतच निघाले आणि गोदूने त्या वयात फुगडी घातली.

तेव्हापासून आजवर सनई चुकलेली नाही. सध्या आमची सून पारू वाजवते. एखाद्या दिवशी तिला सुरेख धून सुचते, पुष्कळदा नुसताच सूर लागतो. पण गावात तिला “आज नवीन काय?” असं कुणी विचारत नाही. “वाजवलंस ना?” एवढंच विचारतात.