टिटवीची हाक

डोंगरांना अजून नावं नव्हती तेव्हाची गोष्ट. उत्तरेकडच्या एका निळ्या सरोवराकाठी एक टिटवी राहत असे. वारा पंखांना बोचू लागला की तिला हिमवादळाची चाहूल लागे. एका संध्याकाळी ती सरोवरातल्या बदकांना ओरडून म्हणाली, "बायांनो, पाण्यात झोपू नका! सकाळपर्यंत सरोवर गोठेल." बदकं पिल्लांना घेऊन उंच गवतात शिरली.

पण सकाळ उजाडली ती सोन्यासारखी. "अपशकुनी मेली!" म्हणत बदकं पुन्हा पाण्याकडे निघाली. टिटवीला मान वर करवेना. वारा अजून बोचत होता. पण पुन्हा चुकले तर?

म्हातारी बदकीण जाता जाता थांबली. "काय गं, आज काय म्हणतेस?"

"काल चुकले, आजी. आजही चुकेन कदाचित," टिटवी म्हणाली, "तरी सांगते, जाऊ नका."

बदकीण तिच्याकडे पाहत राहिली आणि मागे वळली. तिच्यामागून कुरकुरत बाकीचीही वळली.

दुपारी कापसासारखं हिम भुरभुरू लागलं. बघता बघता आभाळच सरोवरावर उतरलं आणि पाणी दगडासारखं घट्ट झालं. गवतात पिल्लं उबेला पेंगत होती. टिटवी मात्र बाहेरच कुडकुडत उभी होती.

बदकिणीने पंख उचलला. "आत ये, बाई. जागा आहे."