सुगंधेच्या मुखी महाराजांचा नैवेद्य

श्रीतुळसगिरी महाराज त्या काळी कवठाळी गावच्या मठात राहत असत. त्यांचा दुपारचा नैवेद्य भिवराबाईंच्या घरून येई, आणि या मानाचा बाईंना भारी ताठा होता.

त्यांची सून सुगंधा. लग्नाला बरीच वर्षे झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. मूल व्हावे म्हणून बाईंनी तिला सोमवारपासून शनिवारपर्यंत बहुतेक सगळे वार उपासाला धरायला लावले होते. पोर वाळून गेली, महिन्याची पाळीही थांबली. शेवटी बाईंनी मुलासाठी दुसरी बायको पाहिली. त्या दिवशी सासूबरोबर नैवेद्य घेऊन आलेली सुगंधा महाराजांच्या पायांशीच कोसळली.

"महाराज, आता आणखी कोणतं व्रत करू?"

महाराजांचे डोळे भरून आले. "पुरे झाली व्रतं, बाळ. भिवराबाई, आजपासून माझा नैवेद्य हिला समोर बसवून वाढा. ही जेवली की मी जेवलो. आणि वर्षभर दुसऱ्या लग्नाचं नाव काढू नका."

"वांझेच्या पोटात गेलेला नैवेद्य तुम्हाला कसा पोचायचा?" बाई फणकारल्या. घरी जाऊन त्यांनी नैवेद्याचा वरणभात फळीवर झाकून ठेवला आणि सुनेपुढे शिळी भाकरी टाकली.

संध्याकाळी बाई आरतीला आल्या, तर महाराज पोट धरून बसलेले!

"आज शिळी भाकरी वाढलीत, भिवराबाई. सोबत कालवणही नव्हतं. वरणभाताला मात्र मुंग्या लागल्या."

बाई धावत घरी गेल्या. झाकण काढले, तर भात मुंग्यांनी काळा झालेला.

दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या ताटात ऊन ऊन वरणभात, भाजी, तूप पडू लागले. आणि काय सांगावी महाराजांची लीला! इकडे सुगंधा जेवून हात धुई, तिकडे अन्नाच्या कणालाही न शिवलेले महाराज तृप्तीची ढेकर देत. हळूहळू तिच्या अंगावर तेज आले, पाळी सुरू झाली, आणि वर्ष सरण्याआधी तिला दिवस गेले. दुसऱ्या लग्नाची गोष्ट आपोआप मागे पडली. पुढे यथाकाल घरात पाळणा हलला. केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

बारसे आटोपल्यावर भिवराबाई साखर घेऊन मठात आल्या. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले आणि त्यांना हुंदका फुटला. "महाराज, मीच तिला उपाशी ठेवलं आणि मीच वांझ म्हणून हिणवलं."

महाराज हसले. "उठा आता, घरी जा. बाळंतीण अजून जेवायची आहे, आणि मला फार भूक लागली आहे."

बाईंनी पुन्हा एकदा माथा टेकला आणि डोळे पुशीत लगबगीने घराकडे निघाल्या.