महाराजांची पाठ आणि बग्गीची कमान

"मोडली! पुन्हा मोडली!"

भर पेठेत चाकावरची पोलादी कमान तुटून बग्गी एका अंगावर बसली आणि हिवरदऱ्याचे गजेंद्रराजे फेट्यासकट भाजीवालीच्या टोपलीत जाऊन पडले. कंबर धरतच उठले आणि कडाडले, "त्या रखमाजी लोहाराला कोठडीत घाला!"

रखमाजीची लेक भिवरा पदर खोचून तडक दरबारात हजर झाली.

"सरकार, बाबांचा काय गुन्हा? कमानीचं पोलाद लाल तापवायचं, पाण्यात बुडवून कडक करायचं आणि मग मंद आचेवर पुन्हा शेकायचं. ते दुसरं शेकणं तुम्हीच बंद केलंत!"

"बंद करायलाच हवं होतं!" दिवाण त्रिंबकपंत उसळले. "मी डोळ्यांनी पाहिलं. चांगलं कडक झालेलं सरकारी पोलाद हा पुन्हा तापवून नरम करत होता. हा घातपात नाही तर काय?"

दिवाणजींनी जन्मात सुरीला धार लावली नव्हती. मत मात्र धारदार!

"नुसतं कडक पोलाद काचेसारखं तडकतं, दिवाणजी! आज पेठेत तडकलंच की!"

राजे हट्टी. दिलेला हुकूम मागे घेण्यापेक्षा ते आणखी एकदा टोपलीत पडले असते.

"हुकूम तो हुकूम! पाणी दिलेलं पोलाद लोहाराच्या भट्टीत पुन्हा जाणार नाही! आणि नवी कमान मोडणारही नाही! उद्या दसऱ्याची स्वारी. कमान मोडली तर तुझ्या बापाने भाता उचलायचा आणि संस्थानाबाहेर चालू लागायचं!"

या वयात बाबा कुठे जाऊन भट्टी मांडणार? तेवढ्यात राजे कण्हले आणि भिवरेची नजर त्यांच्या कमरेकडे गेली.

"महाराज, पाठ फार धरलीय?"

"लाकूड झालंय नुसतं! वाकवत नाही."

"शेक कशाचा घेता?"

"वाळूचा. रोज संध्याकाळी."

"मग आजचा शेक माझ्या हातचा घ्या. कमान तिथेच देते."

घरी जाऊन तिने नव्या कमानीची पाती लाल तापवली, पाण्यात बुडवली. चर्रर्र! पाठोपाठ दिवाणजी आले आणि त्यांनी भात्यावर लाखेची मोहर ठोकली.

"आता कर बघू नरम!"

"आणखी एक ठोका, दिवाणजी. लाख उरलीय तुमची!"

संध्याकाळी राजे चटईवर पालथे पडले होते. शेजारी शेगडीवर वाळूची मोठी कढई. भिवरेने कोमट वाळूची पुरचुंडी बांधून पाठीवर ठेवली आणि उरलेल्या वाळूवर घासून लख्ख केलेली पाती आडवी घातली.

"हे काय गं?"

"बग्गीची पाठ, महाराज. म्हटलं, आपल्या शेजारी तीही घटकाभर पडेल."

राजांना खुदकन हसू आलं. "बरं, आच वाढव. कोमट लागतंय."

"सरकारी शेगडी. मी कशी हात लावू?"

"मी सांगतोय ना! घाल कोळसे!"

कोळसे फुलले. भिवरेने ऊन वाळूची दुसरी पुरचुंडी पाठीवर दिली. पाती पिवळी पडली.

"अगं, हिला कावीळ झाली!"

"बघत राहा, महाराज."

पिवळी होती ती तांबूस झाली, मग जांभळी. राजे पाठ विसरून कुशीवर वळले. "निळी! अगदी मोराची मान!"

भिवरेने सांडशीने पाती उचलून गार व्हायला ठेवली. तोच दिवाणजी धापा टाकत आत आले.

"सरकार, हुकूम मोडला! पोरीने पुन्हा आच दिली!"

"लोहाराची भट्टी तर तुमच्या मोहरेखाली आहे," भिवरा म्हणाली. "इथे कोळसे घाल म्हणून कोणी सांगितलं ते विचारा, आणि त्यालाच घाला कोठडीत!"

दिवाणजींनी राजांकडे पाहिलं. राजांनी छताकडे पाहिलं.

"पण... पण पोलाद नरम झालंच ना!"

भिवरेने गार झालेली पाती दोन चौरंगांवर टेकवली. "बसा."

"मी?"

"बसा, पंत!" राजे म्हणाले.

डोळे मिटून, रामनाम घेत दिवाणजी बसले. पाती वाकली. आणखी वाकली. मोडली नाही! दिवाणजी उठताच टणकन होती तशी झाली.

"आता आपण वाका, महाराज."

राजे वाकले. बोटं थेट पायाच्या अंगठ्याला लागली! आणि तसेच सरळ उभे राहिले.

"दुपारी पाठ कडक होती, वाकत नव्हती. मी शेकून नरम केली. म्हणजे दिवाणजींच्या मते मी महाराजांचाच घातपात केला! की महाराज आता कच्चे झाले? सांगा ना दिवाणजी, जरा मोठ्याने!"

राजे हसले. कंबर धरून हसले, आणि कंबर दुखत नाही म्हणून आणखी हसले!

"रखमाजीला आत्ताच्या आत्ता सोडा! पोरी, तुला काय हवं ते माग!"

"फार नको, महाराज. दुसऱ्या आचेच्या वेळी दिवाणजींना आमच्या भात्यावर बसवा. कोण काय नरम करतंय ते जवळून दिसेल!"

राजांनी डोळे पुसले.

"हुकूम तो हुकूम! चला पंत, मोहर फोडा आणि धरा भाता!"