तोफ न झालेलं तपेलं

डोंगरातल्या एका चिमुकल्या राज्याने परक्या राजाचं जोखड झुगारून दिलं, तेव्हाची गोष्ट. तोफेसाठी पितळ हवं, अशी दवंडी पिटली आणि गावातल्या भांड्यांत एकच धांदल उडाली. घागर, परात, तांब्या सगळे भट्टीकडे धावले. "तोफेचं तोंड मी होणार!" घागर ओरडत होती.

गावजेवणाचं थोरलं तपेलं मात्र जागचं हललं नाही. "मी रांधणार," ते म्हणालं.

"भित्रं कुठलं!" परात खणखणली.

तोफ झाली, खिंडीत गेली, दोन दिवस नुसती धडाडत होती. तिसऱ्या दिवशी गप्प! घरोघरची भांडी तोफेत वितळली होती, रांधायला काही उरलं नव्हतं, शिदोऱ्या बंद झाल्या, आणि उपाशी गोलंदाजांना गोळा उचलवेना. शत्रू खिंड चढू लागला.

तेवढ्यात घाटातून बैलगाडी आली, तीत वाफाळतं तपेलं! चार घास भात पोटात गेला आणि तोफ अशी गरजली की सूर्य मावळायच्या आत शत्रू पळाला.

तोफेतली घागर गहिवरली. "तपेलेदादा, आता तुम्हीही तोफ व्हा. केवढा मान मिळेल!"

"मान राहू दे," तपेलं म्हणालं, "आधी मला घासायला कुणीतरी पाठवा. उद्याही सगळ्यांना भूक लागणार आहे."