झरवळचा काखेतला कोंबडा

झरवळच्या झऱ्याकडे उतरताना वाटेच्या मधोमध एक गुडघाभर उंचीचा काळा दगड लागतो. त्याच्या एका अंगाची वाट पायांनी झिजून खोल गेली आहे, दुसऱ्या अंगाला कमरेएवढे गवत माजले आहे. खरे तर गवताकडचा रस्ता जवळचा, पण डोक्यावर हंड्यावर हंडा घेतलेली बाईसुद्धा तिकडून जात नाही. पाहुणे मात्र हटकून गवतात पाय घालतात. मग झऱ्यावरची कोणीतरी हाक मारून त्यांना मागे फिरवते, आणि त्यांना ही गोष्ट सांगावी लागते. पुष्कळजण ती हळहळून सांगतात. पण ही रागाची गोष्ट आहे, आणि ती रागानेच सांगायला हवी.

फार पूर्वी ह्या झऱ्याच्या देवचाराला, म्हणजे गावाच्या राखणदाराला, दर वर्षी जत्रेत एक कोंबडा बळी देत असत. देवाच्या नावाने कोंबडा एकदा सोडला, की जत्रेपर्यंत त्याला पाळणाऱ्यावाचून दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, साधे हुसकायचेही नाही. तो पाळण्याचा मान रवळू गावकराच्या घराण्याकडे होता, आणि रवळूचे खळे नेमके झऱ्याच्या वाटेवर. कोंबडा जितका तामसी तितका देव खूश, अशी समजूत गावात रुजली होती. मानाला चटावलेल्या रवळूने तर ती डोक्यावरच घेतली. पिल्लू असल्यापासून तो कोंबड्याला काठीने ढोसायचा, शेपटीची पिसे उपटायचा, पायाला दोरी बांधून हिसके द्यायचा. चिडून अंगावर आला, की बक्षीस म्हणून मूठभर भात टाकायचा.

मग पाण्याला निघालेल्या बायांवर त्याला सोडायचे आणि आपण ओटीवर पान चघळत बसायचे, हा रवळूचा रोजचा खेळ. बाया पळत, घागरी फुटत आणि रवळू पोट धरून हसे. अंगावर धावून गेले की माणसे पळतात, हे त्या मुक्या जिवाला पळणाऱ्या प्रत्येकाने शिकवले. एवढी साधी गोष्ट अख्ख्या गावाच्या ध्यानात येऊ नये, याला काय म्हणावे.

झऱ्याच्या वरच्या अंगाला कुंभाराचे एकच घर होते. नवरा गलबतावर, आठ आठ महिने समुद्रात. घरात आवडी कुंभारीण आणि तिची सहा वर्षांची शेवंती. आवडीने लेकीला बजावून ठेवले होते, की कोंबडा आला की मागे बघायचे नाही, पळत सुटायचे. एका सकाळी आवडीचे हात मातीत होते, म्हणून शेवंती लहानशी कळशी घेऊन एकटीच निघाली. खळ्यात कोंबडा मान खाली घालून आला आणि पोर सांगितल्याप्रमाणे पळाली. पळताना अडखळून पडली, आणि कोंबडा तिच्या तोंडावर चढला. आवडी पोचेपर्यंत उजवा डोळा गेला होता.

गाव जमले. पोरीला झाडपाला कोणी आणला ते सांगत नाहीत, पण देवाला कौल लावायला सगळे धावले हे मात्र सांगतात. कौल कशाचा, तर कोंबड्याला धक्का लागून देव तर कोपला नाही ना, याचा. रवळू देवळाच्या पायरीवर बसून म्हणाला, "कोंबडो देवाचो आसा. चेडू पळाला म्हणान लागला. त्येना पळाचा कित्याक?"

आणि कोणी त्याच्या तोंडाला लागले नाही, म्हणे. मानकरी पडला ना तो.

शेवंतीची जखम सुकली, पण पोर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीना. खालून कोंबड्याचा आरव ऐकू आला, की ती रांजणामागे जाऊन बसे आणि उरलेल्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबून धरी. पुढे पुढे तो हात दिवसभर तिथेच राहू लागला. जेवतानाही नाही, झोपतानाही नाही, पोर हात काढीचना. एक डोळा कोंबड्याने नेला आणि दुसरा भीतीने मिटला. हे बघून आवडीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने कोयता उचलला आणि भर सकाळी रवळूच्या खळ्यात जाऊन उभी राहिली.

बाया ओरडू लागल्या, की देवाचा कोंबडा मारलास तर झरा आटेल. आवडी हलली नाही. कोंबडा आला, तिच्या मांडीवर आपटला, नखांनी लुगडे फाडून गेला. ती तरीही हलली नाही. आजवर न पळालेले माणूस त्याने पाहिले नव्हते. तो क्षणभर घोटाळला, आणि तेवढ्यात आवडीला त्याची शेपटी दिसली, उपटून उपटून बुंध्यापर्यंत सोललेली. पायाभोवती दोरीचा लालभडक व्रण दिसला. तिचा राग तसूभरही उतरला नाही, म्हणे. त्या रागाला फक्त खरा धनी सापडला. तिने कोयता कुंपणाच्या खुंटात हाणला, वाकून दोन्ही हातांनी कोंबड्याचे पंख दाबले आणि त्याला उचलून काखेत घेतले.

रवळू ओटीवरून गरजला, "आवडे, देवाचो कोंबडो बाटवलंस."

"देवाक रागच होयो आसतो," आवडी म्हणाली, "तर देवान वाघ मागलो आसतो."

त्या दिवशी ती कोंबडा काखेत मारून घरोघर फिरली. ज्या ज्या घरातली माणसे पळाली होती, त्या प्रत्येक दारात थांबली आणि कोंबडा दाखवून पुढे गेली. मनगटातून रक्त वाहत होते. दुपारपर्यंत कोंबडा झुंजला, तिन्हीसांजेला थकून तिच्या काखेत मान टाकून बसला. तिने तो परत दिला नाही. जत्रेला बारा दिवस होते. ते बारा दिवस ती एका हाताने माती मळत होती. कोंबडा निवला की खाली ठेवायचा, मान खाली घालून पिसे फुलवू लागला की पुन्हा काखेत. मारणे नाही, पळणे नाही. शेवंती रांजणामागून आईच्या कुशीतली ती कुरकुर ऐकत होती, डोळ्यावर हात धरून.

जत्रेच्या दिवशी आवडीने एका हाताने लेकीला धरले आणि झऱ्याकाठच्या देवळासमोर कोंबडा खाली ठेवला. तो निमूट तांदूळ टिपू लागला. रवळू आपला मान घ्यायला पुढे आला, सवयीने हातात काठी घेऊन. काठी दिसताच कोंबडा उसळला आणि थेट त्याच्या छातीवर गेला. मानकरी पळाला, मुंडासे झऱ्यात पडले. सारे गाव खदाखदा हसले.

"हसा नको," आवडी कडाडली. "तुमीव अशेच पळाल्यात. आणि माझ्या चेडवाक पळाक मीच शिकयलंय."

तिने कोंबडा उचलला आणि झऱ्याच्या काठावर उभ्या राहिलेल्या रवळूच्या हातात कोंबला. "धर. शांत होईसर खाली ठेवचो नाय. आणि रोज माझ्या चेडवाच्या म्होरे येवन उभो रव."

कोणी कौल लावला नाही. पहिल्यांदाच गावाने रवळूकडे न बघता आवडीकडे बघितले, आणि रवळूला ते कळले. रोज सकाळी, बाया पाण्याला यायच्या वेळी, तो कोंबडा काखेत धरून खळ्यापासून झऱ्यापर्यंत चालू लागला आणि तिथे आवडीने हाताला धरून आणलेल्या शेवंतीपुढे उभा राहू लागला. त्याचेही मनगट फाटले, आणि फाटावेच. नवव्या दिवशी कोंबडा त्याच्या काखेत गप्प राहिला. रवळू शेवंतीपुढे गुडघे टेकून बसला. पोरीने कोंबड्याचा श्वास ऐकला, आधी एक बोट पुढे करून त्याच्या पाठीला लावले, आणि मग डोळ्यावरचा हात खाली घेतला.

गेलेला डोळा आला नाही. देवचाराने चमत्कार करून तो परत दिला असे कोणी सांगू लागले, तर त्याला तिथेच थांबवावे. झरा मात्र आटला नाही, आणि त्या वर्षापासून देवाला कोंबडा कापलेला नाही. ज्याचा कोंबडा कोणाच्या अंगावर जाईल, त्या धन्याने तो काखेत घेऊन खळ्यापासून झऱ्यापर्यंत चालायचे, आणि ज्याला लागले त्याच्या हाताखाली तो गप्प बसेपर्यंत रोज चालायचे, अशी चाल पडली.

पुढे आई पाणी भरी तोवर शेवंती झऱ्याकडे तोंड करून वाटेच्या मधोमध बसून राही. उजवीकडून कोणी आले की तिला दिसत नसे. ती दचके आणि हात पुन्हा डोळ्यावर जाई. आवडीने साऱ्या गावाला एकदाच बजावले, की डावीकडून या. शेवंती म्हातारी होऊन गेली, तेव्हा तिच्या बसायच्या जागी हा दगड ठेवला असे सांगतात. आजही झरवळची माणसे त्याच्या डाव्या अंगाने जातात, आणि उजवीकडचे गवत कोणी कापत नाही.